विद्यार्थीदशा आणि विधिशिक्षणाची प्रवेशद्वारे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



एखाद्या न्यासाची पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा उभारलेल्या वास्तूंचा, भरलेल्या शिबिरांचा आणि वाटलेल्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु न्यासाच्या कार्यालयात दरवर्षी उन्हाळ्यात येऊन उभे राहणारे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांचाही एक हिशेब असतो. त्यांपैकी एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. "शेवटच्या वर्षाला आहे, निकाल अजून लागलेला नाही, कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरता येईल का?" प्रश्न एका वाक्याचा आहे. मात्र त्याचे उत्तर चुकले, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष जाते, भरलेले शुल्क अडकते आणि घरातील आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी हा विषय निवडला आहे.

या प्रश्नाला एका शब्दात 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. जैन दर्शनाने अनेकांताचा विचार शिकविला आहे. वस्तूविषयी विधान करताना ते कोणत्या अपेक्षेने केले, हे सांगितल्यावाचून ते पूर्ण होत नाही. पात्रतेचेही तसेच आहे. एकच विद्यार्थी परीक्षेला बसण्याच्या अपेक्षेने पात्र असतो आणि प्रवेश घेण्याच्या अपेक्षेने त्याच दिवशी अपात्र असतो. परीक्षेला बसण्याची पात्रता, प्रवेश मिळण्याची पात्रता आणि ती सिद्ध करणारा पुरावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याची निम्मी वाट सोपी झाली.

समाज आणि विधिक्षेत्र

व्यापार-उदिमात रमलेल्या समाजाला कायद्याच्या अभ्यासाची एवढी आवश्यकता काय, असे काही पालक विचारतात. त्याचे उत्तर समाजाच्या इतिहासातच आहे. वीरचंद राघवजी गांधी (१८६४–१९०१) हे १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले, हे सर्वांना ज्ञात आहे. परंतु त्याआधी शत्रुंजय तीर्थावरील यात्रेकरूंच्या कराचा वाद त्यांनी चिकाटीने हाताळला. १८८६ मध्ये त्या कराऐवजी वार्षिक पंधरा हजार रुपयांची ठराविक रक्कम देण्याची तडजोड झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. सम्मेद शिखराच्या प्रकरणी तर कागदपत्रे वाचता यावीत म्हणून ते कलकत्त्यास राहून बंगाली भाषा शिकले.

दक्षिण महाराष्ट्रात अण्णासाहेब लठ्ठे (१८७८–१९५०) यांचे नाव आदराने घेतले जाते. एम.ए., एलएल.बी. झालेले अण्णासाहेब १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत अग्रभागी होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थखाते सांभाळले. बॅरिस्टर चंपतराय जैन (१८६७–१९४२) यांनी जैन विधीचे संकलन करून तो ग्रंथरूपाने मांडला. ही मंडळी कायदा शिकली, म्हणूनच समाजाचे म्हणणे योग्य शब्दांत योग्य ठिकाणी पोहोचले.

हे सारे जुने झाले असेही नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रताची गणना आत्महत्येत केली, तेव्हा देशभरातील जैन समाज हेलावून गेला. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. सल्लेखना म्हणजे काय आणि आत्महत्या म्हणजे काय, हा भेद धर्मशास्त्र व कायदा या दोन्ही भाषांत समजावून सांगू शकणारे अभ्यासक समाजाला हवे आहेत, हे त्या तीन आठवड्यांनी शिकविले. देवस्थानांच्या मिळकती, न्यासांची नोंदणी, वारसा, व्यापारी करार अशा प्रत्येक ठिकाणी कायदा आहे. तेव्हा मुलामुलींनी या वाटेने जावे, ही अपेक्षा योग्यच होय. मात्र पहिल्या पायरीवरच पाय घसरू नये, एवढी काळजी घेतली पाहिजे.

नियमांचा पाया

वकिलीच्या व्यवसायाचे नियमन १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने होते. विधिशिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आहे आणि परिषदेने २००८ मध्ये केलेले विधिशिक्षण नियम हा प्रवेशाचा मूळ आधार आहे. त्यांनुसार वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही पहिली, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम ही दुसरी. दोन्हीकडे पात्रता परीक्षेत खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण आवश्यक आहेत. इतर मागासवर्गास राज्याच्या प्रवेशात ४२ टक्क्यांची सवलत आहे. हे किमान गुण मिळाले म्हणजे प्रवेशाचा हक्क निर्माण झाला असे नव्हे, हेही त्या नियमांतच नमूद आहे. किमान गुण हा उंबरठा आहे. आत जागा मिळणे प्रवेश परीक्षेतील गुणवत्तेवर अवलंबून असते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे जैन विद्यार्थ्याला ४५ टक्क्यांच्या अटीत सूट मिळते, असे काही पालक समजतात. तसे नाही. अल्पसंख्याक दर्जाचा उपयोग अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांतील राखीव जागांसाठी आणि शासकीय शिष्यवृत्ती योजनांसाठी होतो. किमान गुणांची अट त्याने शिथिल होत नाही. ज्या कुटुंबांकडे इतर मागासवर्गाचे जात प्रमाणपत्र आहे, त्यांचा प्रवर्ग निराळा ठरतो. परंतु त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि त्या वर्षी लागू असलेले नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हाती हवे.

बारावीत असताना

राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशासाठी 'क्लॅट' ही सामायिक परीक्षा २००८ पासून घेतली जाते. तिच्या आधी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. २०२३ च्या प्रवेशासाठीची परीक्षा १८ डिसेंबर २०२२ रोजी झाली आणि तेव्हापासून ही परीक्षा डिसेंबरात घेण्याचा प्रघात पडला. म्हणजे बारावीची परीक्षा व्हायची असतानाच विद्यार्थी तिला बसतो. तशी त्याला स्पष्ट मुभा आहे. पुढील मार्च-एप्रिलमध्ये बारावीची परीक्षा देणारा विद्यार्थी पात्र धरला जातो, मात्र प्रवेशाच्या वेळी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. येथे इतर मागासवर्गासही ४५ टक्क्यांचीच अट आहे, ही बाब ध्यानात ठेवावी. कमाल वयोमर्यादा नाही. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो.

महाराष्ट्रातील अन्य विधि महाविद्यालयांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी २०१६ पासून सुरू झाली. त्यापूर्वी बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवरच प्रवेश होत असत. ही परीक्षा साधारणतः मार्च ते मे या काळात होते. बारावीला बसलेला विद्यार्थी पाच वर्षांच्या आणि पदवीच्या अंतिम वर्षाला बसलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या सीईटीस अर्ज करू शकतो. येथे चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे शहाणपणाचे नाही.

आता एक प्रसंग कल्पावा. मुलाला प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळाले, घरात पेढे वाटले गेले, आणि बारावीच्या निकालात ४४ टक्के आले. परीक्षेतील ते उत्तम गुण आता कोणत्याही उपयोगाचे नाहीत. पूर्वतयारीच्या शिकवणीत गुंतलेला विद्यार्थी बारावीच्या मूळ अभ्यासाकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा हे घडते. दोन्ही पारडी सारखी ठेवणे आवश्यक आहे. ज्याला पुरवणी परीक्षा द्यावी लागते, त्याने त्या वर्षीच्या प्रवेशफेऱ्यांच्या तारखा पाहूनच पुढील निर्णय करावा. निकाल आधी लागेल की फेरी आधी संपेल, यावर सारे अवलंबून असते.

पदवीच्या अंतिम वर्षात असताना

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपुढील अडचणी अधिक गुंतागुंतीच्या असतात. पहिली अडचण 'अंतिम वर्ष' या शब्दांच्या अर्थाची. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला ही परीक्षा देता येत नाही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला देता येते, परंतु त्याची पदवी प्रवेशाच्या वेळी सर्व अंगांनी पूर्ण व्हावी लागते. शेवटच्या दोन सत्रांत उत्तम गुण आहेत आणि द्वितीय वर्षाचा एक विषय एटीकेटीवर राहिला आहे, असा विद्यार्थी पदवीधर ठरत नाही.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदाराची मुलगी घ्यावी. वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षात असताना ती सीईटी देते आणि चांगले गुण मिळविते. द्वितीय वर्षातील राहिलेला परिव्ययशास्त्राचा विषय तिने पुढच्याच सत्रात सोडविलेला असतो. म्हणजे तिची पात्रता पूर्ण आहे. परंतु सुधारित गुणपत्रक महाविद्यालयाकडून आलेलेच नाही आणि तिनेही ते मागितलेले नाही, कारण उत्तीर्ण झाल्याचे संगणकाच्या पडद्यावर पाहिले होते. कागदपत्र पडताळणीच्या वेळी जुने गुणपत्रक पुढे येते आणि त्यावर अनुत्तीर्ण असा शेरा असतो. मग वडील दुकान बंद ठेवून विद्यापीठाच्या गावी तीन फेऱ्या मारतात. कागद हाती पडेपर्यंत पहिली फेरी निघून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणचे, घरून ये-जा करता येईल असे महाविद्यालय हातचे जाते. मिळते ते शंभर किलोमीटरवरचे, आणि तेथे वसतिगृहाचा खर्च आला. मुलीने दूर जाऊन शिकावे की नाही, यावर घरात पुन्हा चर्चा सुरू होते. बऱ्याच घरांत ती चर्चा कोठे संपते, हे येथे बसलेल्या माता-भगिनींना सांगण्याची आवश्यकता नाही. या मुलीची गुणवत्ता कमी नव्हती, पात्रताही होती. उणीव होती ती केवळ पुराव्याची.

दुसरी अडचण मुक्त विद्यापीठाच्या पदवीसंबंधी. दूरशिक्षणाने किंवा पत्रद्वारा मिळविलेली पदवी विधिप्रवेशास चालते. परंतु दहावी-बारावीची मूळ अर्हता नसताना मुक्त विद्यापीठ पद्धतीने थेट पदवीस प्रवेश घेतला असेल, तर २००८ च्या नियमांतील स्पष्टीकरणानुसार असा पदवीधर विधिप्रवेशास पात्र ठरत नाही. विवाहानंतर मोठ्या कष्टाने पदवी मिळविलेल्या भगिनींना हा नियम कठोर वाटेल. तथापि पैसे भरल्यानंतर तो कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. अशा भगिनींनी प्रथम बारावी उत्तीर्ण व्हावे. त्यानंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट मोकळी होते. राज्याच्या सीईटीस किंवा क्लॅटला वय आड येत नाही.

तिसरी अडचण दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची. समाजातील अनेक मुले वाणिज्य पदवीबरोबर सनदी लेखापालाचा अभ्यास करतात आणि त्यातच एलएल.बी.ही उरकावे असे त्यांना वाटते. विधिशिक्षण नियमांतील सहाव्या नियमानुसार विधि पदवीबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. भाषा किंवा संगणकाचे अल्पकालीन अर्धवेळ प्रमाणपत्र आणि दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम यांना तेवढा अपवाद आहे. म्हणजे नियमित एम.कॉम. आणि एलएल.बी. एकत्र चालणार नाही, दूरशिक्षणाने एम.कॉम. चालू शकेल. लेखापालाच्या आर्टिकलशिपमध्ये असलेल्या विद्यार्थ्याने विधि महाविद्यालयात नाव घालण्यापूर्वी दोन्ही संस्थांचे नियम वाचून लेखी अनुमतीची खातरजमा करावी. विधि महाविद्यालयातील उपस्थिती ही केवळ कागदावरची बाब नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत शिकणाऱ्यांनीही तिसऱ्या वर्षाअखेरीस पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथे वर्ष पूर्ण करायचे, हे सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे.

विधि अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असताना

प्रवेश मिळाला, वर्षे सरली, तरी 'विद्यार्थी असताना परीक्षा देता येईल का' हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतोच. विधि पदवीनंतर राज्य वकील परिषदेकडे नोंदणी होऊन सनद मिळते. त्याखेरीज ऑल इंडिया बार एक्झामिनेशन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा विधिज्ञ परिषदेने २०१० मध्ये आणली. तात्पुरती नोंदणी झालेल्या वकिलास दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावे लागते, असा त्यामागील नियम.

अशी अट घालण्याचा परिषदेला अधिकार आहे काय, हा वाद बरीच वर्षे चालला. १९९५ चे नोंदणीपूर्व प्रशिक्षणाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात रद्द ठरविले होते. पुढे १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बोनी फोई विधि महाविद्यालयाच्या प्रकरणात निर्णय दिला. परिषदेला अशी परीक्षा घेण्याचा अधिकार आहे, असे पीठाने म्हटले आणि १९९९ चा निर्णय योग्य कायदा नसल्याचे सांगितले. त्याच निर्णयात विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. अंतिम वर्षाच्या शेवटच्या सत्रात शिकण्यास पात्र ठरण्यासाठी लागणाऱ्या सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, तसा पुरावा दिल्यावर, ही परीक्षा देऊ द्यावी, ही न्यायमित्रांची सूचना पीठाने स्वीकारली. मात्र त्याचा निकाल पदवी अभ्यासक्रमाचे सर्व भाग उत्तीर्ण होण्याच्या अधीन राहील.

प्रत्यक्षात ही मुभा लगेच मिळाली नाही. विद्यार्थ्यांना पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या परीक्षेला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. येथेही सूत्र तेच आहे. परीक्षा आधी देता येईल; सनद पदवीनंतरच मिळेल. आणि मागील सत्रांचा एखादा विषय राहिला असेल, तर या मुभेचा लाभ नाही.

सनदेच्या खर्चाविषयीही दोन शब्द. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात निर्णय दिला. अधिवक्ता अधिनियमात लिहिल्याप्रमाणे सर्वसाधारण प्रवर्गास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये, याहून अधिक नोंदणी शुल्क राज्य वकील परिषदांना आकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. कोणी हजारोंचा आकडा सांगितला, तर आधी हा निर्णय आठवावा.

न्यायासनाकडे जाणारी वाट

काही विद्यार्थ्यांचे लक्ष वकिलीपेक्षा न्यायाधीशपदाकडे असते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेविषयी नियम तीनदा पालटले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट सांगितली. २००२ मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर ती काढली आणि नवे विधि पदवीधर थेट परीक्षेस बसू लागले. २० मे २०२५ रोजी त्याच अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्या तारखेपूर्वी सुरू झालेल्या भरतीस ती लागू नव्हती. पुढील प्रत्येक भरतीची अट त्या भरतीच्या जाहिरातीत शब्दशः वाचावी, हेच उत्तम.

या निर्णयातील एक तपशील विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा. तीन वर्षांची गणना तात्पुरत्या नोंदणीच्या दिनांकापासून होते. न्यायमूर्तींकडे विधि लिपिक म्हणून केलेले कामही तीत धरले जाते. म्हणजे ज्याची पदवी एका राहिलेल्या विषयामुळे सहा महिने लांबली, त्याची नोंदणी लांबली. नोंदणी लांबली, तेवढे न्यायाधीशपदही लांबले. बारावीतील गुणपत्रकापासून सनदेपर्यंत ही एकच साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकलेली आहे. श्रावकाच्या अकरा प्रतिमांचे वर्णन शास्त्रांत येते. वरची प्रतिमा धारण करणारा खालच्या प्रतिमांचे नियम सोडत नाही. ते पाळूनच तो वर जातो. विधिशिक्षणाची रचनाही जवळजवळ तशीच आहे.

प्रतिज्ञापत्रावरील स्वाक्षरी

अर्जाच्या अखेरीस एक प्रतिज्ञापत्र असते. दिलेली सर्व माहिती सत्य आहे, ती असत्य आढळल्यास प्रवेश रद्द होईल, अशा अर्थाची ती ओळ असते. घाईत ती कोणी वाचत नाही. राहिलेला विषय लपवून अर्ज भरला तरी कोण पाहतो, असा सल्ला देणारेही भेटतात. पडताळणीत तो उघड झाला तर जागा जातेच. पण समजा तो उघड झाला नाही, तर? जो विद्यार्थी उद्या न्यायालयात उभा राहून साक्षीदाराला शपथेचे महत्त्व सांगणार आहे, त्याच्या व्यवसायाचा पहिला कागदच असत्य ठरतो. सत्याणुव्रत घेतलेल्या घरातील मुलाने तरी ही स्वाक्षरी वाचून करावी. नियमाने जेवढी मुभा दिली आहे तेवढी निःसंकोच घ्यावी आणि जी दिलेली नाही, ती लपूनछपून घेऊ नये. एक वर्ष थांबणे ही नामुष्की नव्हे.

पालकांचे आणि न्यासाचे कर्तव्य

पालकांनी करावयाची कामे थोडी आहेत, परंतु ती वेळेवर व्हावीत. दहावी, बारावी आणि पदवीच्या प्रत्येक सत्राची मूळ गुणपत्रके एका धारिकेत ठेवावीत. राहिलेला विषय सुटताच सुधारित गुणपत्रक मागून घ्यावे. श्रेणी पद्धतीचे गुण असतील, तर त्यांचे टक्केवारीतील रूपांतर दर्शविणारे विद्यापीठाचे पत्र आधीच काढावे. अधिवास, जात व उत्पन्न यांचे दाखले निकालाची वाट न पाहता काढावेत. नावातील स्पेलिंग सर्व कागदांवर एकसारखे आहे काय, हे पाहावे. आडनावाऐवजी 'जैन' लिहिण्याची प्रथा काही घरांत असल्याने या समाजात हा घोटाळा हमखास होतो. आणि दरवर्षीची माहितीपुस्तिका मुलाबरोबर बसून पहिल्या पानापासून वाचावी. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केले, हा नियम नव्हे.

न्यासापुढेही या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विनम्र सूचना ठेवावीशी आहे. पुष्कळ न्यासांच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत 'अंतिम परीक्षेचे गुणपत्रक जोडावे' अशी अट असते. हेतू शुद्ध आहे. परंतु प्रवेशफेरीत जागा मिळताच विद्यार्थ्याला ठरलेल्या मुदतीत शुल्क भरावे लागते आणि नेमके त्याच वेळी गुणपत्रक हाती नसते. राष्ट्रीय विधि विद्यापीठे आणि राज्याचा परीक्षा कक्ष निकालाच्या अधीन राहून विद्यार्थ्याला परीक्षेस बसू देतात. सर्वोच्च न्यायालयानेही तेच सूत्र मान्य केले. मग समाजाच्या न्यासाने निकालाच्या अधीन राहून शिष्यवृत्ती का मंजूर करू नये? पहिला हप्ता थेट महाविद्यालयाच्या नावे द्यावा, गुणपत्रक आल्यावर उर्वरित रक्कम द्यावी, आणि विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास दिलेली रक्कम बिनव्याजी परत घ्यावी. यात न्यासाची जोखीम अल्प आहे आणि वर उल्लेखिलेल्या मुलीसारख्या एखाद्या घरातील निर्णय मात्र त्याने बदलू शकतो. त्याचबरोबर समाजातील ज्येष्ठ वकिलांनी मार्च ते जून या काळात आठवड्यातून एक सायंकाळ न्यासाच्या कार्यालयात द्यावी आणि मुलांचे अर्ज व कागद तपासून द्यावेत. ज्ञानदानाला चार दानांत स्थान आहे; योग्य वेळी दिलेली योग्य माहिती हेही ज्ञानदानच होय.

समारोप

प्रारंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळून समारोप करणे उचित ठरेल. विद्यार्थी असताना विधिप्रवेशाची परीक्षा देता येते काय? देता येते. बारावीत असताना देता येते, पदवीच्या अंतिम वर्षात असताना देता येते आणि विधि पदवीच्या शेवटच्या सत्रात असताना सनदेची परीक्षाही देता येण्याचे तत्त्व घटनापीठाने मान्य केले आहे. परंतु ही प्रत्येक मुभा सशर्त आहे. हाती असलेले शिक्षण वेळेत, पूर्ण आणि किमान गुणांसह संपविणे, ही ती शर्त. दार विद्यार्थ्यासाठी आधी किलकिले केले आहे. आत जाण्यासाठी मात्र पदवीचा कागद हाती असावाच लागतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा न्यास स्थापिला, त्यांच्यापैकी अनेकांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नव्हती. त्यांनी स्वतःसाठी न मिळालेली संधी पुढच्या पिढीसाठी निर्माण केली. ती संधी एका न मागितलेल्या गुणपत्रकामुळे किंवा न वाचलेल्या अटीमुळे वाया जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक घराने घेतली, तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

सर्व विद्यार्थ्यांच्या ज्ञानसाधनेस शुभेच्छा.

जय जिनेंद्र.